ओली चड्डी आणि दादीची जानमाज

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. असरची अजान नुकतीच झाली होती. दादींनी वुजू करून मधल्या खोलीत जानमाज अंथरली आणि नीयत बांधली. आमची धाकटी लेक सवयीप्रमाणे जानमाजच्या कडेला येऊन उभी राहिली. दादी सजद्यात गेल्या की त्यांच्या पाठीवर चढायचं, ही तिची रोजची गंमत. त्या दिवशी ती चढली नाही. जागच्या जागी थबकली, आणि शहाबादी फरशीवरून एक ओघळ निघून थेट जानमाजच्या झालरीपर्यंत गेला.

दादींना नमाज तोडावी लागली. "कित्ती बार बोली मैं, डायपर घालो उसकू!" त्या चिडून म्हणाल्या. आम्हालाही राग आला. दादींचा आला, लेकीचा आला आणि आधी स्वतःचा आला. डायपर बंद करायचा निर्णय आमचाच होता. त्या रागात लेकीला एक चापट बसली. ती रडली नाही. नुसती आमच्याकडे बघत राहिली.

त्यानंतर तिने चार दिवस शी केली नाही. पोट फुगलं, भाकरी नको, दूध नको. मोरीकडे नेलं की दाराची चौकट धरून "नक्को, नक्को" म्हणायची. शेवटी बीडला मुलांच्या डॉक्टरांकडे न्यावं लागलं. त्यांनी पोट तपासलं आणि विचारलं, "हिला कोणी रागावलं का?" आम्ही दोघं नवरा-बायको एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहिलो.

हा लेख त्या प्रश्नातून आला आहे. पाटोद्यासारख्या गावात, जिथे नमाजही सांभाळायची असते, पाणीही जपायचं असतं आणि घरात तीन पिढ्या एकत्र राहतात, तिथे दोन-अडीच वर्षांच्या मुलाला काय घालावं? डायपर, जाड ट्रेनिंग पँट की साधी चड्डी? प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. पण प्रत्येक घरात तो येतो, आणि त्यावर उघडपणे कोणी बोलत नाही. आम्ही चुकलो, मग शिकलो. ते इथे मांडतो आहोत.

दुकानात काय मिळतं?

आपल्याकडे किराणा दुकानात "हगीज द्या" म्हटलं की दुकानदार कुठल्याही कंपनीचं पाकीट काढून देतो. बहुतेक वेळा तो पँटसारखा घालायचा डायपर असतो. त्याचा आकार चड्डीसारखा असल्यामुळे अनेक आयांना वाटतं की हीच ट्रेनिंगची पँट. तसं नाही. तो डायपरच आहे, फक्त चिकटपट्टीऐवजी कमरेला इलास्टिक आहे. त्याच्या आत बारीक दाण्यांची पावडर असते. ओल लागली की ते दाणे पाणी शोषून फुगतात आणि त्यांची जेली होते. मुलाची कातडी कोरीच राहते. बाळ लहान असताना हाच त्याचा गुण असतो. मूल शिकायच्या वयाला आलं की हाच त्याचा दोष ठरतो, कारण सू झाली हे त्याला कळतच नाही.

खरी ट्रेनिंग पँट कापडी असते. दिसायला चड्डीसारखीच, पण मध्ये टॉवेलसारख्या कापडाचे तीन-चार पदर शिवलेले. काहींना बाहेरून पाणी अडवणारा पातळ थर असतो. ती एखादी सू अर्धीमुर्धी धरून ठेवते. ओल मुलाला जाणवते, पण फरशीवर तळं होत नाही. पाटोद्यात आम्हाला ती दुकानात मिळाली नाही. ऑनलाइन मागवली, तीनचा संच सातशेच्या आसपास पडला.

तिसरी साधी सुती चड्डी. आठवडी बाजारातही मिळते. ती काहीच धरून ठेवत नाही. सू झाली की पायावरून ओघळ, खाली तळं, आणि मूल थबकून खाली बघतं.

आम्ही तिन्ही वापरून पाहिल्या. जाड पँट घालून आमची लेक ओली झाली तरी खेळत राहायची. आतलं कापड ओलं असायचं, पण तिला त्याचं फारसं काही वाटायचं नाही. साध्या चड्डीत मात्र पहिल्याच दिवशी ती थांबली, पायाकडे बोट केलं आणि म्हणाली, "सू!" सू होऊन गेल्यावर म्हणाली, हे खरं. पण शिकण्याची सुरुवात तिथूनच होते. आधी "झाली" कळतं, मग "होतेय" कळतं आणि शेवटी "येतेय" कळतं. पहिली पायरी झाकून टाकली तर पुढच्या दोन येणार कुठून?

हा आमच्या एकट्याचा अनुभव नाही. २००६ साली अमेरिकेत सायमन आणि थॉम्पसन या दोन संशोधकांनी पाच लहान मुलांवर नेमकी हीच तुलना केली होती. डायपर, डायपरसारखी वापरून फेकायची ट्रेनिंग पँट आणि साधी चड्डी. पाचपैकी दोन मुलांमध्ये साध्या चड्डीने स्पष्ट फरक पडला. डायपर आणि फेकायच्या ट्रेनिंग पँटमध्ये मात्र फारसा फरक आढळला नाही. पाच मुलांवरून सगळ्या जगाचा निष्कर्ष काढता येत नाही, आणि उरलेल्या तिघांना चड्डीचाही तसा उपयोग झाला नव्हता, हेही लक्षात ठेवायला हवं. म्हणजे चड्डीने जादू होत नाही. पण वापरून फेकायची महागडी ट्रेनिंग पँट घेतली म्हणजे मूल शिकलं, हा समज सोडायला हरकत नाही.

पायांवर बसवणारी पिढी

डॉक्टरांकडून परत आल्यावर दादी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "तुम्हारे अब्बू को तो मैं पाँव पे बिठाती थी." ही रीत आपल्या सगळ्यांच्या आजीला माहीत होती. जमिनीवर पाय पसरून बसायचं, दोन्ही पावलं जरा फाकवून त्यांवर बाळाला बसवायचं, पाठ आपल्या नडग्यांना टेकवायची आणि "शूऽऽ शूऽऽ" करायचं. पावलं हीच त्याची पॉटी. बाळाला पडायची भीती नाही, थंड फरशीचा चटका नाही, आणि समोर आईचा चेहरा. जुन्या साडीची दुपटी आणि लंगोट यांवर मुलं वाढली. ती दिवसातून दहा वेळा ओली व्हायची, म्हणूनच आयांना त्यांना लवकर शिकवावं लागायचं.

बीड जिल्ह्यातून दिवाळीच्या सुमाराला उसतोडीला जाणारी कुटुंबं आजही अशीच मुलं वाढवतात. कोप्यांवर महिना हजार रुपयांचे डायपर कोण आणणार? तिथलं दीड-दोन वर्षांचं पोर कधीकधी आपल्या शहरी नातेवाइकांच्या तीन वर्षांच्या मुलापेक्षा आधी सांगायला शिकलेलं असतं. त्या माउल्यांचे हाल आम्हाला सुंदर करून दाखवायचे नाहीत. पाण्याविना, संडासाविना पोर सांभाळणं हे कष्टच आहेत. पण त्यांना जे येतं ते आपण विसरलो, एवढं तरी कबूल करायला हवं.

जगातही हेच दिसतं. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर केनिया आणि टांझानियात दिगो नावाचा समाज राहतो. त्यात बहुसंख्य मुस्लिम आहेत. १९७७ साली 'पीडियाट्रिक्स' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांच्याविषयी एक अभ्यास आला. दिगो आया बाळाला पहिल्या काही आठवड्यांपासूनच ठरावीक पद्धतीने बसवून, विशिष्ट आवाज काढून सवय लावतात, आणि पाच-सहा महिन्यांत बाळ आईच्या मदतीने बरंचसं कोरं राहू लागतं, असं त्यात नोंदवलं होतं. त्याच नियतकालिकात त्याआधी १९६२ साली ब्रेझल्टन या अमेरिकन बालरोगतज्ज्ञाने १,१७० मुलांचा अभ्यास मांडला होता. मूल तयार असल्याच्या खुणा दिसल्यावरच सुरुवात करा, जबरदस्ती करू नका, असं त्याचं सांगणं. त्या मुलांना दिवसा कोरं राहायला सरासरी साडेअठ्ठावीस महिने लागले, म्हणजे सुमारे दोन वर्षं साडेचार महिने.

दोन टोकं दिसली तरी दोन्हीकडे एक गोष्ट सारखी आहे. कुठेच मारून शिकवलेलं नाही.

पाकी-नापाकीची धास्ती

आपल्या घरांत मुलं उशिरापर्यंत डायपरमध्ये राहतात, त्याचं एक कारण आपण मोठ्याने बोलत नाही. ते म्हणजे नमाज. जानमाज, चादर, मांडी, ओढणी, कशावर सू पडली आणि आपल्याला कळलंच नाही तर? ही काळजी खोटी नाही. लघवीच्या थेंबांपासून जपण्याची ताकीद हदीसमध्ये आहे आणि तहारतशिवाय नमाज नाही. पण काळजीची धास्ती झाली की ती मुलाच्या अंगावर निघते.

आम्ही मोहल्ल्यातल्या मशिदीच्या इमाम साहेबांकडे गेलो. त्यांनी प्रथम दोन प्रसंग सांगितले. हजरत उम्मे कैस (रजि.) आपल्या तान्ह्या मुलाला घेऊन प्रेषितांकडे (स.) आल्या. बाळ मांडीवर होतं, त्याने कपड्यावर लघवी केली. प्रेषितांनी (स.) पाणी मागवलं, त्या जागी टाकलं, आणि विषय तिथेच संपला. दुसरा प्रसंग गावाकडून आलेल्या एका माणसाचा. त्याने मशिदीतच लघवी केली. लोक धावून गेले, पण प्रेषितांनी (स.) त्यांना थांबवलं, त्याचं होऊ दिलं, आणि त्या जागी बादलीभर पाणी ओतायला सांगितलं. दोन्ही हदीस बुखारी शरीफमध्ये आहेत.

मग इमाम साहेबांनी विचारलं, "मशिदीत मोठ्या माणसाला मध्येच अडवलं नाही, तर घरात दोन वर्षांच्या लेकराला चापट कशाला?"

मसल्याची बाजूही त्यांनी स्पष्ट केली. उम्मे कैस (रजि.) यांचं बाळ अजून अन्न खात नव्हतं. कोकणातल्या शाफई घरांत अशा तान्ह्या मुलग्याच्या बाबतीत पाणी शिंपडण्याची सवलत मानतात. आपल्या हनफी मसलकात मुलगा असो वा मुलगी, धुवायचंच. आणि भाकरी खाणाऱ्या दोन वर्षांच्या मुलाच्या बाबतीत तर धुण्याला पर्याय नाही. पण धुणं म्हणजे अख्खं घर धुणं नव्हे. कपड्यावर सू पडली तर तो भाग स्वच्छ पाण्याने तीनदा धुऊन दर वेळी पिळायचा. फरशीवर पडली तर आधी कोरड्या फडक्याने टिपून घ्यायची, पसरवायची नाही, मग स्वच्छ ओल्या फडक्याने दोन-तीनदा पुसायचं आणि दर वेळी फडकं धुवायचं. शंका घेत बसायचं नाही. जिथे डाग दिसत नाही आणि ओल लागत नाही, तिथे "कदाचित पडली असेल" म्हणून अख्खा गालिचा धुवायला काढू नये. कुठे अडलंच तर आपल्या इमाम साहेबांना किंवा जाणत्या आलिमांना विचारावं.

आणखी एक गोष्ट आमच्या तेव्हा लक्षात आली. डायपर घातला म्हणजे पाकी आली असं आपण धरून चालतो. पण डायपरमध्ये सू साचलेली असते. ती गेलेली नसते, फक्त दिसत नसते. साध्या चड्डीतली सू दिसते, म्हणून ती धुतली जाते.

पाण्याचं आणि पैशाचं गणित

आपला तालुका बालाघाटच्या डोंगरावर. मांजरा नदी इथेच गवळवाडीजवळ उगम पावते आणि पुढे जाऊन मोठी होते. पण उगमाच्या गावांना तिचं पाणी पुरत नाही. उन्हाळ्यात नळाची पाळी लांबते, टँकरची वाट बघावी लागते. अशा घरात "डायपर सोडा, चड्ड्या धुवा" हे सांगणं सोपं, करणं अवघड. डायपरला पाणी लागत नाही ही त्याची खरी सोय आहे, आणि ती नाकारण्यात अर्थ नाही.

म्हणून आम्ही हिशेब मांडला. पातळ चड्डी तीन पाण्यांतून काढायला दोन-तीन तांबे पुरतात. जाड ट्रेनिंग पँट पाणी पिऊन बसते, तिला अर्धी बादली लागते, आणि सावलीत वाळायला दिवस जातो. पावसाळ्यात तर दोन दिवस. म्हणजे पाणी जपायचं असेल तर डायपरच्या खालोखाल साधी चड्डीच परवडते. भांड्या-कपड्यांचं शेवटचं निवळ पाणी पहिल्या खळबळीला वापरावं, नंतरची तीन पाणी मात्र स्वच्छ घ्यावीत.

पैशाचं म्हणाल तर आमच्याकडे दिवसाला चार डायपर लागायचे, एक साधारण अकरा रुपयांना. महिन्याचे तेराशे वीस. आठ सुती चड्ड्या चारशेत आल्या आणि वर्षभर पुरल्या. जाड पँट हवीच असेल तर विकत घेण्याआधी गल्लीतल्या शिवणकाम करणाऱ्या खालांना विचारा. जुन्या सुती ओढणीचे बाहेरून-आतून पदर आणि मध्ये टॉवेलचा तुकडा, इतकंच तिचं रहस्य आहे. आमच्या खालांनी दोन शिवून दिल्या, त्या विकतच्या पँटइतक्याच चालल्या.

आणि वापरलेला डायपर जातो कुठे? घनकचरा नियमांप्रमाणे तो नीट गुंडाळून वेगळा द्यायचा असतो. प्रत्यक्षात तो नाल्याच्या कडेला पडतो आणि कुत्री ओढत नेतात. पाकीचा विचार उंबऱ्याच्या आतच थांबायचा का?

आम्ही मग काय केलं?

डॉक्टरांनी पहिलं काम सांगितलं, शिकवणं थांबवा. शी कडक झालेल्या मुलाला दुखतं, दुखलं की ते धरून ठेवतं, धरलं की आणखी कडक होते. हे चक्र आधी तोडायचं. त्यांनी शी मऊ करायचं औषध दिलं, पाणी वाढवायला सांगितलं, दूध-बिस्किटांचा मारा कमी करून वरण-भाकरी, भाजी, पेरू, पपई द्यायला सांगितली. तीन आठवडे आम्ही सूचा विषयच काढला नाही. डायपरही बिनतक्रार घातला. दादी तिला रोज जवळ घेऊन बसायच्या. एक दिवस त्यांनी नुसते पाय पसरले आणि पावलांवर बाहुली बसवली. "शूऽऽ" केलं. लेक हसली. चार दिवसांनी बाहुली उतरली आणि ती स्वतः बसली.

पुन्हा सुरुवात केली ती पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबरच्या उन्हात. तेव्हा विहिरीत पाणी असतं आणि कपडे दोन तासांत वाळतात. आपल्या भागात हाच काळ उत्तम, असा आमचा अनुभव आहे. लेक तोवर पावणेतीन वर्षांची होत आली होती.

घड्याळ लावायची गरज पडली नाही. आपल्या घरात दिवसाला पाच वेळा अजान ऐकू येते. अजान झाली की आधी लेकीची पाळी, मग आपला वुजू. शिवाय झोपून उठल्यावर आणि जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटांनी. जेवल्यावर आतडी आपसूक हलतात, तेव्हा शीची शक्यता सर्वांत जास्त. सकाळी नाश्त्यापासून जुहरपर्यंत फार वेळ जातो, म्हणून मध्ये एक जादा फेरी. दर वेळी दोन-तीन मिनिटंच बसवायचं. झाली तर "माशाअल्लाह", नाही झाली तर "चल, नंतर". मोठ्यांच्या संडासाचं भांडं लहान मुलाला विहिरीसारखं वाटतं. आम्ही साधी प्लास्टिकची पॉटी मोरीत ठेवली. ती नको असेल त्या दिवशी दादींची पावलं होतीच.

कपड्यांचं असं ठरवलं. घरात दिवसभर साधी चड्डी आणि वर लांब झबलं. नाडीची सलवार, बटणाची पँट बंद. मुलाला स्वतः खाली ओढता येईल असं इलास्टिकच हवं. मेहमान आले, दावत असली किंवा बाजारात जायचं असलं तर जाड पँट. बीड किंवा नगरपर्यंत एसटीचा लांब प्रवास आणि रात्रीची झोप यांसाठी डायपर. पण घरी परतलो की डायपर लगेच काढायचा. दिवसा घरात कधी चड्डी, कधी डायपर असं केलं की मूल गोंधळतं. त्याला कळत नाही की आज सांगायचं आहे की नाही.

दादींची जानमाज आम्ही तख्तावर हलवली. फरशीपासून हातभर उंच. एवढ्या साध्या गोष्टीने घरातली निम्मी भांडणं मिटली.

पहिल्या दिवशी सात चड्ड्या ओल्या. दुसऱ्या दिवशी सहा. चौथ्या दिवशी आम्ही हात टेकले होते. आठव्या दिवशी तीन. तीन आठवड्यांनी ती मगरिबच्या अजानला स्वतःच मोरीकडे पळाली. त्यानंतरही महिनाभर अधूनमधून चुका झाल्याच. धुण्याच्या पाळ्या आम्ही वाटून घेतल्या होत्या. सकाळच्या चड्ड्या अब्बूंच्या. वाचक बंधूंनो, हे वाक्य तुमच्यासाठी मुद्दाम लिहिलं आहे.

बसवण्याबरोबर आदबही हळूहळू शिकवता येते. आत जाताना डावं पाऊल, बाहेर येताना उजवं, दुआ, डाव्या हाताने धुणं, नंतर साबणाने हात. मुलींना धुताना पाणी आणि हात पुढून मागे न्यावा. उलट नेला तर शीचे जंतू लघवीच्या जागी जातात आणि लघवीला जळजळ होण्याचा त्रास होतो. हे आयांनी लेकींना पहिल्यापासून सांगावं.

तुमच्या घरी कसं ठरवाल?

मूल तयार आहे का, हे आधी बघा. दीड-दोन तास कोरं राहतं का? सू-शी करताना कोपऱ्यात जाऊन थांबतं का? चड्डी खाली ओढता येते का? "चप्पल आण, इकडे ये" असं दोन पायऱ्यांचं सांगणं समजतं का? यातलं बरंचसं जमत असेल तर सुरुवात करा. बहुतेक मुलं दीड ते अडीच-तीन वर्षांच्या दरम्यान इथे पोचतात. मुलगे सहसा मुलींपेक्षा थोडे मागे असतात.

घरात नवं बाळ येणार असेल, लग्नकार्य असेल, आजारपण असेल किंवा घर बदलायचं असेल तर महिनाभर थांबा. शिकलेलं मूल धाकट्या भावंडाच्या जन्मानंतर पुन्हा ओलं करू लागलं तर ते नाटक नसतं. त्याला तुम्ही हवे असता.

आई शेतावर, शाळेवर किंवा दुकानावर जात असेल आणि मूल थकलेल्या आजीकडे राहत असेल, तर जाड पँटने सुरुवात करायला हरकत नाही. गुडघे दुखणाऱ्या आजीला दिवसातून सात वेळा फरशी पुसायला लावणं हाही जुलूमच. सुट्टीच्या दिवशी, आपण घरी असताना, साधी चड्डी घाला.

रात्रीचा विषय वेगळा ठेवा. झोपेतलं कोरेपण शिकवून येत नाही, ते शरीर वाढेल तसं येतं. पाच वर्षांपर्यंत मूल अंथरुणात सू करत असेल तर त्याला आजार मानत नाहीत. गादीवर मेणकापड टाका आणि त्यावर चादर घाला. सकाळी चारचौघांत त्याचा उद्धार करू नका.

डॉक्टरांकडे मात्र या गोष्टींसाठी वेळ न घालवता जा. चार-पाच दिवस शी न होणं, शीत रक्त, लघवीला जळजळ किंवा ताप, सतत थेंब थेंब गळणं. महिनोन्महिने कोरं राहिलेलं मूल अचानक खूप पाणी पिऊ लागलं, वारंवार सू करू लागलं आणि वजन घटत असेल तर त्याच दिवशी दाखवा, कारण मुलांनाही साखरेचा आजार होतो. अंगणवाडीत जाणाऱ्या मुलांची राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडून वर्षातून दोनदा तपासणी होते. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका आणि लाजून हा विषय लपवू नका.

शेवटी

आमची लेक आता अंगणवाडीत जाते. बाईंना हात वर करून सांगते. ते ऐकून आम्हाला आनंद होतो, पण त्या मे महिन्यातली तिची नजर आम्ही विसरलेलो नाही. चड्डी, पँट, डायपर यांतलं काहीही निवडा, चुका होणारच आहेत. त्या चुकीच्या वेळी मोठ्यांचा हात कशासाठी उठतो, फडकं आणायला की मारायला, यावर मुलाचं शिकणं ठरतं.

मागच्या आठवड्यात खेळण्याच्या नादात ती दादींच्या तख्तावरच ओली झाली. आम्ही दोघं धावलो. दादींनी हातानेच थांबवलं. जानमाज उचलली, मोरीत नेली, तीन पाण्यांतून काढली आणि दोरीवर टाकली. मग लेकीला म्हणाल्या, "चल, तू भी हाथ धो. दूसरी जानमाज तो है ना."

अल्लाह आपल्या सर्वांच्या लेकरांना सेहत देवो आणि आपल्याला सब्र. आमीन.